बोर्ड नाही, म्हणजे यू-टर्नला परवानगी आहे का?

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीच्या गेटसमोर दुभाजक आहे. मुलीला शाळेत सोडायला जायचं असतं उजवीकडे, पण दुभाजक आडवा येतो. म्हणून रोज आधी डावीकडे जायचं, पुढच्या सिग्नलच्या चौकात यू-टर्न घ्यायचा आणि परत यायचं. चार वर्षं हे सुरळीत चाललं होतं. मागच्या महिन्यात मोबाइलवर पाचशे रुपयांचं ई-चलान येऊन पडलं. ताई लिहितात, "त्या चौकात मनाईचा बोर्ड मी कधी पाहिलेला नाही. कॅलिफोर्नियात राहणारे माझे दीर म्हणतात, बोर्ड नसेल तर सिग्नलला यू-टर्न घेता येतो. मिस्टर म्हणतात, गेटपासून उजवीकडे पन्नास मीटरवर दुभाजकात फट आहे, सगळे तिथूनच जातात, तूही जा. शिवाय आमचं गाव कराडकडे. हायवेवरच्या कटमधून वळलेलं चालतं का? नेमका नियम काय आहे?"

ताई, मी कराडचाच. अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, त्यामुळे तुमचा हायवे आणि त्यावरचे कट मला घरच्यासारखे ठाऊक आहेत. आधी झटपट उत्तर देतो. मिस्टर साफ चुकले. दीर त्यांच्या गावापुरते बरोबर आहेत. तुमचं चलान बरोबर की चूक, हे एका फोटोवर ठरेल. त्याचं शेवटी सांगतो.

आपल्याकडे रस्त्यावर गाडी कशी चालवायची याचे नियम पूर्वी १९८९ च्या विनियमांत होते. आता त्यांच्या जागी मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ आहेत. नाव बदललं, कलमं वाढली, पण यू-टर्नबद्दलचा गाभा तोच राहिला. जिथे मनाई केली आहे तिथे वळायचं नाही आणि वर्दळीच्या रस्त्यावर वळायचं नाही. जिथे मुभा आहे तिथे आधी इशारा द्यायचा, आरशात मागचं बघायचं, रस्ता सुरक्षित असेल तेव्हाच वळायचं. अखंड रेषेचा नियम वेगळा आहे, पण तो इथेही लागतो. रस्त्याच्या मधोमध सलग पट्टा असेल, एकेरी असो वा दुहेरी, तर तो ओलांडून पलीकडे जाता येत नाही. यू-टर्न म्हणजे पट्टा ओलांडणंच. त्यामुळे पिवळी जोडरेघ जिथे आखली आहे, तिथे वेगळा बोर्ड लावायची गरजच उरत नाही. रेघ हाच बोर्ड.

म्हणजे "बोर्ड नाही, मग चालतं" या हिशोबात गफलत आहे. बोर्ड हे मनाईचं एक कारण झालं. बाकीची कारणं कुणी खांबावर टांगून ठेवत नाही, ती आपली आपण ओळखायची असतात.

सगळ्यात घोळ होतो तो "वर्दळीचा रस्ता" या शब्दांवर. किती गाड्या गेल्या की वर्दळ म्हणायची, असा आकडा नियमात नाही. दुपारी अडीचला मोकळा असलेला रस्ता सकाळी आठला शाळेच्या व्हॅननी भरलेला असतो. रस्ता तोच, पण दुपारी जे वळण चालून जातं ते सकाळी नियमबाह्य होऊ शकतं. शिकाऊ मुलांना मी एकच माप दिलंय. तुम्ही वळत असताना समोरच्याला किंवा मागच्याला ब्रेक मारावा लागला, तर रस्ता वर्दळीचा होता आणि तुम्ही वळायला नको होतं. हे माप कायद्याच्या पुस्तकातलं नाही, माझं आहे. पण चौकात उभा असलेला हवालदारही मनात साधारण हेच माप लावत असतो.

आता तुमचा सिग्नलचा चौक. सिग्नलवर यू-टर्नला सरसकट बंदी आहे असं पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. चौकात उलट्या इंग्रजी यू-वर तिरकी लाल पट्टी असलेलं गोल चिन्ह नसेल, आणि उजवीकडे वळण्याचा हिरवा बाण लागला असेल, तर सगळ्यात उजव्या लेनमधून यू-टर्न घेता येतो. लाल दिव्यावर मात्र घेता येत नाही. "मी कुठे चौक ओलांडला, अलीकडूनच तर वळलो" ही सबब मी शंभरदा ऐकली असेल. थांबा रेषा ओलांडली की सिग्नल तोडला. मग तुम्ही सरळ गेलात, उजवीकडे गेलात की मागे फिरलात, त्याने काही फरक पडत नाही. आणि सिग्नल तोडणं हा यू-टर्नपेक्षा बराच जड गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो त्या कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत, नाव घेऊन घातलाय. तिथे पहिल्या गुन्ह्यालाच एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

उजवीकडे वळायला मनाई आहे पण यू-टर्नचा उल्लेख कुठे नाही, असेही चौक असतात. तिथे काय करायचं? वाद घालायचा तर घालता येईल. मी मात्र सांगतो, वळू नका. यू-टर्नची सुरुवात उजव्या वळणानेच होते आणि ज्या कारणासाठी तिथे उजवं वळण बंद केलंय, त्याच कारणाने तुमची गाडी तिथे अडकणार. उलट बाजूने पाहिलं तर फक्त यू-टर्नला मनाई असेल तिथे उजवीकडे वळायला काहीच हरकत नाही. अशा चौकात उजवीकडे जा, पुढच्या गल्लीत गाडी फिरवा, परत या.

दिरांचंही बोलू. कॅलिफोर्नियात खरोखरच सिग्नलला, हिरवा दिवा किंवा हिरवा बाण असताना, मनाईचं चिन्ह नसेल तर यू-टर्न चालतो. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तो डावीकडच्या टोकाच्या लेनमधून घ्यायचा. पण त्याच देशात शेजारच्या ओरेगॉन राज्यात नियम नेमका उलटा आहे. तिथे सिग्नलच्या चौकात "यू-टर्नला परवानगी" असा बोर्ड असेल तरच वळता येतं. म्हणजे दीर सुट्टीत गाडी काढून उत्तरेकडे गेले, तर राज्याची हद्द ओलांडताच त्यांचाही नियम पालटतो. माझ्या एका विद्यार्थिनीला असा अनुभव आलाय. ती लग्नानंतर तिकडे गेली, तिथला परवाना काढला आणि पहिली पावती तिला यू-टर्नचीच मिळाली. तेव्हा दिरांना सांगा, तुमचं तुमच्याकडे खरं, आमचं आमच्याकडे.

नियम इथे थोडा बाजूला ठेवतो, कारण खरी मेख पुढेच आहे. गाडीला वळायला किती जागा लागते, हे बहुतेकांना माहीत नसतं. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांची वळण-त्रिज्या कंपनीच्या पुस्तकात साधारण ४.६ ते ५ मीटर दिलेली असते. स्विफ्टची ४.८. ही त्रिज्या झाली, व्यास ९.६ मीटर. स्टिअरिंग पूर्ण पिळून गाडी फिरवली तर बाहेरच्या चाकाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत इतकी जागा लागते. दुपदरी रस्ता असतो ७ मीटर. म्हणजे गावातल्या साध्या दुपदरी रस्त्यावर स्विफ्ट एका दमात वळूच शकत नाही. पुढे-मागे करावंच लागतं, आणि तेवढा वेळ तुम्ही दोन्ही बाजूंची वाहतूक अडवून आडवे उभे असता.

दुभाजक असलेल्या रस्त्याचं गणित तर मी फळ्यावर काढून दाखवतो. समजा तुमची गाडी दुभाजकापासून अर्धा मीटर अंतर ठेवून उजव्या लेनमध्ये उभी आहे. गाडीची रुंदी पावणेदोन मीटर धरा. म्हणजे तुमचं डावं चाक दुभाजकापासून सव्वादोन मीटरवर आलं. दुभाजक सव्वा मीटरचा. ९.६ मधून हे दोन्ही वजा केले की उरतात सहा मीटरच्या वर. पलीकडच्या दोन लेन मिळून सात मीटर. म्हणजे तुम्ही "जरासं वळून" पलीकडच्या जवळच्या लेनमध्ये अलगद शिरत नाही. तुम्ही पलीकडचा अख्खा रस्ता आडवा कापून थेट डाव्या कडेच्या लेनमध्ये पोचता. समोरून येणाऱ्याला वाटतं, हा आपल्या उजव्या लेनमध्ये शिरतोय, आपण डावीकडून काढू. आणि तो डावीकडे येतो, नेमका तुमच्या नाकासमोर. आमच्याकडे यू-टर्नच्या ठोकरा बघायला गेलो तर गाडीचं डावं पुढचं दार चेपलेलं बऱ्याचदा दिसतं, त्याचं कारण हे आहे.

वेळेचा हिशोब त्याहून बोलका. शिकाऊ बॅचला मी एक दिवस गाडीत बसवतच नाही. कोल्हापूर नाक्याजवळ कडेला, सावलीत उभं करतो आणि हातात घड्याळ देतो. थांबलेली गाडी वळायला लागल्यापासून पलीकडे सरळ होईपर्यंत किती सेकंद लागतात, मोजा म्हणतो. सहा, सात, कधी आठ. नवशिका असेल तर अकरा. मग सांगतो, ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सात सेकंदांत ११५ मीटरच्या वर जाते. ८० ला दीडशे मीटर. १०० ला जवळजवळ दोनशे. चौपदरी महामार्गावर मोटारींना १०० चा वेग कायद्याने चालतो. आता तो जो लांबवर पांढरा ठिपका दिसतोय, तो तुमच्यापासून दोनशे मीटरच्या आत आहे की बाहेर, ते डोळ्यांनी सांगा. कुणालाच सांगता येत नाही. मलाही येत नाही.

म्हणून यू-टर्न घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की धरावी. तुमच्या आधी सगळे. समोरून येणारा, मागून सरळ जाणारा, झेब्रावरून चालणारा, या सगळ्यांचा हक्क तुमच्या आधीचा. सिग्नलच्या चौकात यातला एक जण हमखास विसरला जातो. तुमचा उजवा बाण हिरवा आहे, समोरचे थांबलेत, तुम्ही निर्धास्त वळताय. त्याच वेळी तुमच्या उजव्या हाताच्या रस्त्यावरून डावीकडे वळणारे तुम्हाला ज्या रस्त्याला लागायचंय त्याच रस्त्याला लागतात. त्यात आपल्याकडे फ्री लेफ्ट हा जन्मसिद्ध हक्क असल्यासारखा घेतला जातो, तसा बोर्ड असो वा नसो. तो बघत असतो त्याच्या उजवीकडे, तुम्ही बघत असता समोर. दोघांची गाठ मधल्या लेनमध्ये पडते. त्याला जाऊ द्या, मग तुम्ही.

आणि दुचाकी. उजवा इंडिकेटर लावून, उजव्या लेनमध्ये, दुभाजकाला अगदी लागून थांबलात तरी तुमच्या आणि दुभाजकाच्या मधून स्कूटर घुसवणारे महाभाग असतात. माझ्या शिकवणीच्या गाडीचा उजवा आरसा आजवर तीनदा गेला, तिन्ही वेळा असाच. एकदा तर त्या मुलाने थांबून मलाच विचारलं, "काका, इंडिकेटर कशाला लावला मग?" त्याचं म्हणणं असं होतं की इंडिकेटर लावला म्हणजे "जा पुढे" असा इशारा झाला. हायवेवर मागच्याला ओव्हरटेकसाठी बोलावताना ट्रकवाले उजवा इंडिकेटर देतात, तिथून ही सवय शहरात आलेली आहे. तेव्हा इंडिकेटर द्या, पण वळण्याआधी मान वळवून उजव्या खांद्यावरून एकदा बघा. आरशात ती स्कूटर दिसत नाही.

अजून एक गोष्ट आहे, ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही. कटमध्ये थांबून वाट बघत असाल तर चाकं सरळ ठेवा. लोक आधीच स्टिअरिंग उजवीकडे पिळून तयारीत बसतात. मागून कुणी ठोकर दिली तर वळलेल्या चाकांची गाडी ढकलली जाते ती थेट समोरून येणाऱ्या वाहतुकीत. चाकं सरळ असतील तर ती निदान आपल्याच बाजूला पुढे सरकते.

आता मिस्टरांची फट. दुभाजकात दोन प्रकारच्या मोकळ्या जागा असतात. एक अधिकृत, यंत्रणेने ठेवलेली. कडा बांधलेल्या, रंगवलेल्या, बहुधा बाण असलेला निळा बोर्ड, आणि हायवेवर असेल तर वळणाऱ्यांना थांबायला आत काढलेली जादा लेन. दुसरी, लोकांनी केलेली. चार ब्लॉक काढून टाकलेले, माती पसरलेली, मोटरसायकली जाऊन जाऊन गुळगुळीत झालेली. आमच्याकडे तिला दुभाजक पंक्चर केला असं म्हणतात. कधी समोरचं हॉटेल करतं, कधी पेट्रोल पंपाकडे जाणारे करतात, कधी शेतकऱ्याला ट्रॅक्टर पलीकडे न्यायचा असतो. त्याची अडचण खरी असते, पण त्यामुळे फट अधिकृत होत नाही. राष्ट्रीय महामार्गाचं असं नुकसान करणं हा तर गुन्हाच आहे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सगळे तिथूनच जातात, हे खरं असेल. पण सगळ्यांची चलानं वेगवेगळी निघतात.

तुमच्या बाबतीत फट अधिकृत की लोकांची, हा प्रश्न तसा येतच नाही. गेटपासून ती उजवीकडे पन्नास मीटरवर आहे, म्हणजे तिथे पोचायला तुम्हाला आपल्याच बाजूच्या रस्त्यावर उलट्या दिशेने पन्नास मीटर जावं लागेल. हा यू-टर्नचा विषयच नाही, हे राँग साइड झालं. २०१९ पासून वाहतुकीच्या दिशेविरुद्ध गाडी चालवणं हेही कलम १८४ मध्ये नाव घेऊन आहे. शिवाय पोलिसांनी ठरवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली, म्हणजे पूर्वीच्या २७९ खाली, बेदरकारपणाचा गुन्हा नोंदवता येतो. मग पाचशेचं चलान राहिलं बाजूला, कोर्टाच्या तारखा सुरू होतात. मिस्टरांना हा परिच्छेद वाचायला द्या. आणि मुलगी मागच्या सीटवर बसून हे सगळं बघत असते.

आता कराडचा रस्ता. पुणे-बंगळूर महामार्गावर, खंबाटकी उतरलात की पुढे वाई फाटा, सातारा, उंब्रज, कराड. इथे वळायचा पहिला पर्याय उड्डाणपुलाखालचा रस्ता हाच असू द्या. डावीकडे सर्व्हिस रोडला उतरा, पुलाखालून पलीकडे जा, पलीकडच्या सर्व्हिस रोडने पुन्हा वर या. दोन-तीन किलोमीटर वाढतात. अधिकृत कट असेल, आत थांबायची लेन असेल, दिवस असेल, तर तिथून वळायला कायद्याची आडकाठी नाही. पण ती लेन नसलेल्या कटवर तुम्ही जलदगती लेनमध्ये, ताशी ८०-१०० ने येणाऱ्यांच्या पुढ्यात उभ्या राहता. मागच्याने हातातला मोबाइल खाली ठेवेपर्यंत तो तुमच्या डिकीवर असतो. शिवाय सध्या या रस्त्यावर सहापदरीकरणाची कामं चालू आहेत. कामाच्या पट्ट्यात कट आज असतो, उद्या नसतो, परवा दुसरीकडे असतो. चार महिन्यांपूर्वी जिथून वळलात तिथे आज काँक्रीटचे ठोकळे असू शकतात. गूगल मॅप्सला ते कळायला वेळ लागतो. "मॅपने वळ सांगितलं" हे कुठल्याच हवालदाराला सांगू नका.

उसाचा हंगाम असेल, साधारण नोव्हेंबर ते मार्च, तर आणखी एक. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर कटमधून वळायला पंधरा-वीस सेकंद सहज घेतो. पुढची ट्रॉली वळलेली दिसते, आपल्याला वाटतं गेला, आणि मागची ट्रॉली अजून दोन्ही लेन अडवून आडवी असते. रात्री तिला मागे दिवा असेलच असं नाही, परावर्तक पट्टी उसाच्या पाचटाखाली झाकलेली. कटवर अशी ट्रॉली किंवा लांब ट्रेलर वळत असेल तर त्याच्या उजव्या बाजूला, आतल्या कोपऱ्यात आपली गाडी घालू नका. ट्रेलरचं मागचं धूड पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाही, ते आतून कापत येतं. आत सापडलेली गाडी ड्रायव्हरला दिसतसुद्धा नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी यांबद्दल थोडक्यातच. तिथे यू-टर्न नाही. कुठेच नाही, कधीच नाही. दुभाजकात कुठे फट दिसलीच तर ती रुग्णवाहिका आणि गस्तीच्या गाड्यांसाठी असते. फाटा चुकला तर पुढच्या फाट्यापर्यंत जायचं. मुंबईहून येताना कुसगाव चुकलं तर तळेगावजवळ उर्से येईपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर गप्प गाडी चालवायची. आणि डाव्या पट्टीवर थांबून रिव्हर्समध्ये फाट्यापर्यंत येणं हे यू-टर्नहून वाईट. समृद्धीवर इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि ७०१ किलोमीटर सलग झाले. तिथे मोटारींना १२० ची मुभा आहे. सात सेकंदांचं गणित १२० ला करून बघा.

घाटाचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही पुढे चिपळूणला गेलात तर कुंभार्ली लागेल. घाटात लोक वळतात ते हमखास एकाच कारणाने. काहीतरी घरी राहिलं. गॅस बंद केला का, चावी शेजारी दिली का. घाटात रस्ता अरुंद, मधे बऱ्याच ठिकाणी अखंड रेषा, आणि वळणापलीकडचं दिसत नाही. एका दमात गाडी फिरत नाही, हे वर बघितलंच. तिसऱ्या झटक्याला मागचं चाक कठड्याकडे असतं, चढावर क्लच पोळलेला असतो, आणि खालून एसटी वर येत असते. एसटीचा ड्रायव्हर घाटात चढावर थांबायला अजिबात राजी नसतो, त्याचं त्याला कारण आहे. तुम्ही पुढे जात राहा. देऊळ, चहाची टपरी, निरीक्षणाची मोकळी जागा, काहीतरी रुंद ठिकाण येतंच. तिथे रस्त्याबाहेर गाडी पूर्ण घ्या, आत फिरवा, आणि तोंड पुढे करून रस्त्यावर या. रिव्हर्समध्ये रस्त्यावर कधी येऊ नका.

आता दंड. मनाईचं चिन्ह मोडून यू-टर्न घेतल्याचं चलान साधारणपणे कलम ११९ सह १७७ खाली निघतं. ११९ म्हणजे वाहतुकीची चिन्हं पाळण्याचं बंधन, १७७ म्हणजे सर्वसाधारण शिक्षा. पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर १,५०० पर्यंत. तुमचं पाचशेचं म्हणजे पहिलं धरलेलं दिसतंय. पोलिसाने थांबायला सांगूनही निघून गेलात तर ते कलम १७९, तिथे दोन हजार. आणि अपघात झाला तर ही सगळी चिल्लर आहे. नियम मोडून वळणाऱ्याची चूक मोटार अपघात न्यायाधिकरणात त्याच्या खात्यावर मांडली जाते आणि त्याच्या स्वतःच्या नुकसानभरपाईतून तितका वाटा कापला जाऊ शकतो.

राहिलं चलान. आधी महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर चलान उघडा. फोटो बघा. वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर आणि कलम, चारही तपासा. फोटोत तुमचा सिग्नल लाल दिसतोय का, ते बघा. लाल असेल आणि तरी पाचशेवरच भागलं असेल, तर मी म्हणेन, मुकाट्याने भरून टाका.

हिरवा असेल तर चौकात जा, पण गाडीने नाही, चालत. मनाईचं चिन्ह चौकात असतं तसं चौकाच्या अलीकडेही असतं, आणि आपण चार वर्षं ज्या रस्त्याने जातो तिथला बोर्ड आपल्याला दिसेनासा होतो. शिवाय पुण्यात वाहतुकीचे बदल "प्रायोगिक तत्त्वावर" होत असतात. पोलीस उपायुक्तांचा आदेश निघतो, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात, एका सकाळी खांबावर नवा बोर्ड चढतो. तो मागच्याच महिन्यात चढला असेल तर तुमचं चार वर्षांचं वळण त्या दिवसापासून बंद झालं. बोर्ड कुणी लावलाय हेही बघा. सक्षम अधिकाऱ्याने लावलेल्या चिन्हालाच कायद्याचं बळ असतं. बाजूच्या मंगल कार्यालयाने स्वतःच रंगवून लावलेल्या "येथे वळू नये" च्या पाटीवर चलान टिकत नाही.

बोर्ड खरोखर नसेल, किंवा झाडाच्या फांदीमागे, फ्लेक्समागे झाकलेला असेल, तर दंड भरू नका. भरलात की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं, मग तक्रारीला अर्थ राहत नाही. गाडी चालवणाऱ्याच्या उंचीवरून, येण्याच्या दिशेने फोटो काढा. एक लांबून, एक मधून, एक अगदी जवळून. ॲपवरच चलानाविरुद्ध तक्रार नोंदवायची सोय आहे, तिथे हे फोटो जोडा आणि दोन-तीन ओळींत नेमकं लिहा. दिरांचं मत, शाळेची वेळ, चार वर्षांचा इतिहास यातलं काही नको. "अमुक तारखेला अमुक ठिकाणी चिन्ह झाकलेलं होतं, फोटो जोडले आहेत" एवढंच. तिथे मानलं नाही तर कोर्टात म्हणणं मांडता येतं.

आणि फ्लेक्स आड आला असेल तर फोटोत तो पूर्ण येऊ द्या. वाढदिवस कुणाचा आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, पण खाली तारीख छापलेली असते. ती चलानाच्या दोन-चार दिवस मागेपुढे निघाली, तर तुमचं निम्मं काम त्या शुभेच्छुकांनीच केलंय.